पेटीची दुसरी किल्ली

धनश्री पहिल्या दिवशी सेटवर उतरली तेव्हा कानिफनाथाने तिला मेकअपवाली समजून लिंबाखालची गाडी दाखवली. "तुमचं सामान तिकडं," एवढं म्हणून तो पुन्हा आपल्या लोखंडी पेटीवर हात टाकून बसला. पोरगी पाठीवरची बॅग सावरत तिथेच उभी राहिली. म्हणाली, "काका, मी या पेटीसाठीच आलेय."

त्याच्या पोटात दुखायला लागलं ते त्या घटकेपासून.

एक तर 'काका'. सिनेमावाल्यांत त्याला कोणी काका म्हणत नसे. नगर जिल्ह्यात कुठेही शूटिंग असो आणि त्यात बंदूक असो, की तिथे 'फौजी' असायचाच. पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडेच्या गावात जन्मलेला, आईबापाच्या पाठीवर बसून ऊसतोडीला गेलेला, फडावरच्या पाचटाच्या कोपीत वाढलेला हा माणूस. दहावी होताच भरतीला पळाला. पलटणीत तो आर्मरर होता, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, त्यांची देखभाल ठेवणारा. उभी नोकरी हत्यारांत गेली. पेन्शनीत निघाला तो सुप्याच्या एका कारखान्याच्या गेटवर. तिथे हातात बंदूक नव्हती, नुसती काठी आणि शिट्टी. आल्यागेल्या ट्रकचे नंबर पाहता पाहता त्याला वाटे, आपण हळूहळू पुसले जातोय.

मग एकदा गर्भगिरीच्या डोंगरात सिनेमाचं युनिट आलं. त्यांना बंदुका पुरवणाऱ्या मुंबईच्या पेढीचा माणूस तापाने आडवा झाला आणि कोणीतरी कानिफनाथाचं नाव सुचवलं. एका दिवसाकरता गेलेला माणूस कायमचा त्या पेढीचा झाला. त्याची रीत ठरलेली होती. सावलीला एकटा बसायचा. प्रत्येक हत्यार उघडून पाहायचा, पिवळ्या फडक्याने पुसायचा आणि नटाच्या हातात देताना म्हणायचा, "पाहिलंय म्या. घ्या." पुढे कोणी काही विचारत नसे. दिग्दर्शक म्हणायचे, "फौजींनी पाहिलं ना? मग झालं." त्या 'मग झालं'वर तो जगत होता. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्याच्या हातून कोणाला ओरखडाही आला नव्हता.

आता ही आली. प्रवरेकाठच्या कोल्हारची, बागायतदाराची लेक. कॉलेजात रायफल नेमबाजीत देशपातळीवर खेळलेली, मग मुंबईच्या त्याच पेढीत शिकून तयार झालेली. ती आली त्याच दुपारी पेढीच्या मालकाने फोनवर गोड बोलून सांगितलं, "फौजी, आता जमाना बदललाय. कुठे कुठे सेटवर माणसं मेल्याच्या बातम्या येतात. प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार माणूस नेमलाय. इथे धनश्री मुख्य, तुम्ही तिच्या जोडीला."

कानिफनाथाने "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो माळावर नुसता चालत राहिला. कोल्हारची! ज्या पाण्याच्या मुलखात त्याच्या आईबापाने कोयते चालवले, जिथल्या उसाच्या मोळ्या वाहताना आईची कंबर गेली, त्या मुलखातली पोर आता त्याच्या पेटीवर बसणार. आणि ती पंचविशीची, हा पन्नाशीचा.

मालिका पोलीस आणि दरोडेखोरांची होती. माळावर प्लायवूडची पोलीस चौकी उभारली होती. चैत्र संपत आलेला. ऊसतोडीहून परतलेली गावची माणसं गर्दीत उभं राहायला रोज येत. त्यात कानिफनाथाची चुलत भावजय लंकाबाईही होती. कॅमेऱ्यापुढे डोक्यावर घागर घेऊन चालायचं एवढंच तिचं काम, पण ती ते फार मन लावून करायची.

धनश्रीने पहिल्या दिवसापासून नवीच रीत पाडली. पिस्तूल नटाला देण्याआधी ती ते सगळ्यांसमोर उघडायची. काडतूस बसायची जागा, ज्याला चेंबर म्हणतात, ती नटाला दाखवायची. समोर उभ्या राहणाऱ्या नटाला दाखवायची. सहायकाला, कॅमेऱ्यामागच्या माणसाला दाखवायची. प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मोठ्याने म्हणायचं, "रिकामी." ब्लँक भरायचं असेल तर तेही सगळ्यांसमक्ष. ब्लँक म्हणजे पुढे शिसाची गोळी नसलेलं काडतूस. पण आत दारू असतेच आणि जवळून उडालं तर तेही माणसाला सोडत नाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कमी हसले. आठवडा झाला नाही तोच मालिकेचा नायक पार्थ स्वतःच मान पुढे करून पाहू लागला. गर्दीतली माणसंही पाहायला मागू लागली. लंकाबाईने पदर खोचून चेंबरमध्ये नजर टाकली आणि अशा तोऱ्यात "रिकामी!" म्हणाली की सगळं युनिट टाळ्या वाजवत बसलं.

कानिफनाथाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने धनश्रीला बाजूला गाठलं.

"का ओ मॅडम, आपल्यावर लोकांचा विश्वास न्हाई का? सगळ्या गावाला दाखवीत बसायचं म्हंजे आपन कशाला हाय मग?"

"विश्वास ठेवू नये म्हणूनच दाखवते, काका. माझ्यावरसुद्धा ठेवू नये."

ती 'माझ्यावरसुद्धा' म्हणाली. त्याने ऐकलं ते 'तुमच्यावर'.

तिथून पुढे तो तिला पाण्यात पाहू लागला. तिची चूक शोधणं हाच त्याचा उद्योग झाला. ती पेटी लावायला विसरते का, मोजताना गडबडते का, नटांशी गप्पा मारताना पिस्तुलाकडे पाठ होते का, याच्यावर त्याची सारखी नजर. पोरगी काही सापडेना. उलट एकदा ऐन शॉटला, सूर्य मावळतीला टेकलेला असताना, तिने हात वर करून सगळं थांबवलं. कारण काय, तर बघ्यांची गर्दी सरकत सरकत बंदुकीच्या समोर आली होती. उजेड गेला, शॉट गेला. दिग्दर्शक तिच्यावर खवळला. कानिफनाथाला मनातून गुदगुल्या झाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, आणि कानिफनाथाला नाष्ट्याचे पोहे गिळवेनात.

पार्थ आधी दुपारच्या वेळी त्याच्यापाशी येऊन बसायचा. सीमेवरच्या थंडीच्या, बर्फात गोठलेल्या बंदुकांच्या गोष्टी ऐकायचा. आता तो धनश्रीपाशी बसून मनगट कसं ठेवायचं ते शिकत होता.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही. एका संध्याकाळी बायकोने, मुक्ताने, धनश्रीला जेवायला बोलावलं. पोरीने पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली, ताट स्वतः उचललं, आणि जाताना मुक्ताने तिला शेंगदाण्याची चटणी डबा भरून दिली.

"गुनाची हाय पोरगी," मुक्ता म्हणाली.

"चटनी कोनाला इचारून दिली?"

"आता चटनी द्यायला बी इचारायचं?" मुक्ताने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं काय बिनसलंय?"

"काय न्हाई," तो म्हणाला आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

थोड्या दिवसांनी धनश्रीने पेटीची दुसरी किल्ली त्याच्या हातात ठेवली. डोंगरापल्याड दुसरं युनिट रायफलींचे सीन घेणार होतं, तिला तिकडेही जावं लागणार होतं. "मी नसताना पेटी तुमच्या ताब्यात, काका. पण नियम तोच." त्याने किल्ली करगोट्याला बांधली. स्वतःच्याच पेटीची किल्ली दुसऱ्याच्या हातून भीक मिळाल्यासारखी मिळावी, हे त्याला दिवसभर सलत राहिलं.

वैशाखातली एक सकाळ. चौकीसमोर पार्थचा गोळीबाराचा सीन चालला होता. पिस्तुलात ब्लँक भरलेले. शॉट निम्म्यावर आला आणि कुठूनशी शेरडं कॅमेऱ्यासमोर घुसली. सगळं थांबलं, शॉट दुपारवर गेला. पार्थने पिस्तूल कानिफनाथाच्या हातात दिलं. त्याने खालची काडतुसांची मॅगझिन काढून घेतली. तेवढ्यात धनश्रीला डोंगरापल्याड न्यायला जीप येऊन हॉर्न वाजवू लागली.

"काका, चेंबर दाखवा," ती जीपकडे जाता जाता म्हणाली.

"पाहिलंय म्या," कानिफनाथ म्हणाला.

त्याने पाहिलं नव्हतं. पाहणारच होता. पण तिने सांगितलं म्हणून पाहायचं, हे त्याच्या जिवावर आलं. धनश्री क्षणभर थबकली. पुन्हा हॉर्न वाजला. ती जीपमध्ये बसली. पिस्तूल पेटीत गेलं, वर कुलूप लागलं, आणि मॅगझिन निघण्याआधीच वर चढलेलं एक ब्लँक आत चेंबरमध्ये तसंच राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत पार्थ आला. बऱ्याच दिवसांनी तो फौजीपाशी उकिडवा बसला.

"फौजी, दुपारचा सीन अवघड आहे हो. पिस्तूल थोडा वेळ हातात राहिलं तर जमेल. धनश्री मॅडम सरावाला खरं देत नाहीत, रबराचं देतात. त्याला वजनच नाही."

"त्यांचा नियम हाय."

"त्यांचा हाय," पार्थ त्याच्यासारखंच बोलत हसला. "पण तुम्ही फौजी आहात. तुम्हाला कोण विचारणार?"

किती दिवसांनी कोणी असं बोललं होतं! कानिफनाथाच्या छातीत काहीतरी फुलून आलं. त्याने करगोट्याची किल्ली काढली, पेटी उघडली, पिवळ्या फडक्याने पिस्तूल पुसलं आणि पार्थच्या हातात दिलं. "पाहिलंय म्या. घ्या." हे म्हणताना त्याला दुपारचं ऊनसुद्धा गोड लागलं.

पार्थ चौकीच्या भिंतीपाशी सराव करू लागला. वळायचा, नेम धरायचा, खटका न दाबताच पुन्हा वळायचा. गर्दीची माणसं सावलीला भाकरी खात होती. लंकाबाई रिकामा तांब्या घेऊन पाण्याच्या टँकरकडे निघाली ती त्याच्या अगदी कोपराजवळून. पार्थ गर्रकन वळला आणि या खेपेला त्याने खटका दाबला.

आवाजाने झाडावरची पाखरं उठली. धूर निवळला तेव्हा लंकाबाई खाली बसलेली होती. ती ओरडली नाही. गाल काळा पडला होता, पदराच्या काठाला ठिणगी धुमसत होती, आणि एक हात कानावर. कानिफनाथ धावला, त्याने पदर हातांनी चोळून विझवला.

"वैनी! वैनी, बोला काहीतरी!"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हललेले तिला दिसत होते, शब्द पोचत नव्हते. "तांब्या कुठं गेला माझा?" ती म्हणाली.

युनिटच्या गाडीने तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. सोबत गावातून धावत आलेली मुक्ता गेली. धनश्री डोंगरापल्याडहून आली तेव्हा सगळं युनिट चौकीसमोर गोळा झालेलं होतं. कल्याण नावाचा माणूस निर्मात्यांच्या वतीने सगळी व्यवस्था पाहायचा. तो लालबुंद होऊन विचारत होता, "पिस्तूल बाहेर आलंच कसं? कोणाची जबाबदारी होती?"

पार्थ बुटांकडे पाहत राहिला. कानिफनाथ हातातलं पिवळं फडकं चोळत राहिला.

धनश्री पुढे झाली. "हत्यारांची जबाबदारी माझी आहे. सकाळी पिस्तूल पेटीत गेलं तेव्हा चेंबर मी पाहिली नाही. जीप थांबवून पाहायला हवी होती. पोलिसांना मी वाटेतूनच फोन केलाय, ते येतील. तोवर पेटीला कोणी हात लावू नये."

तिचा शब्द एकही अडला नाही. दिवे लावणारा एक जुना माणूस हळूच म्हणाला, "हिंमत आहे पोरीची."

कानिफनाथाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मानेवरचं जू दुसऱ्याने उचललं होतं. क्षणभर वाटलंही. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले. कोणाच्या डोळ्यांत राग नाही, उलट आदरच. पेटी गेली, पार्थ गेला, घरची चटणी गेली, आणि आता चूक त्याची, तर तीसुद्धा हिने न्यावी? एवढी मोठी चूक केली त्याने, आणि तिच्यावरही नाव हिचंच लागावं?

"खोटं बोलती ती!" तो ओरडला.

लोक वळले.

"पिस्तूल म्या ठेवलं. तिनं दाखवा म्हनलं तवा पाहिलंय म्हनून म्याच बोललो. पाहिलं न्हवतं म्या. आन दुपारी पार्थसायबांना बी म्याच दिलं, न उघडता. किल्ली माझ्यापाशी हुती. तिचा काय संबंध?"

"संबंध आहे, काका. मी तुमच्या शब्दावर गेले."

"तू कशाला जाशील माझ्या शब्दावर? तू तर कोनाच्या बी शब्दावर जात न्हाईस!"

"आज गेले ना."

दोघं बांधावरून भांडावं तशी भांडत राहिली. कल्याण मधे पडला म्हणून थांबली. पुढे गावात बोलबाला झाला की फौजी सच्चा माणूस, पोरीवर आळ येऊ दिला नाही. कानिफनाथ ते ऐके आणि मान खाली घाली. आपण तेव्हा कशाने पेटून बोललो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पोलीस आले, जबाब झाले, शूटिंग काही दिवस बंद राहिलं. पेढीने कानिफनाथाला घरी बसवलं. धनश्रीलाही बरेच महिने काम दिलं नाही. पार्थ एकदा दवाखान्यात येऊन लंकाबाईच्या पलंगाशी बसून गेला. लंकाबाईच्या गालावरचा डाग फिकट झाला, पण उजव्या कानाचा पडदा काही सांधला नाही. त्या कानाने ऐकू येईना ते येईनाच.

ती घरी आल्यावर कानिफनाथ तिला भेटायला गेला. ओट्यावर तिच्या शेजारी बसला.

"भावजी, ह्या बाजूनं न्हाई, तिकडून या," ती म्हणाली. तो उठून दुसऱ्या बाजूला बसला.

"वैनी, माझ्यामुळं झालं."

"म्हाईत हाय मला." तिने सुपातले तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. "तुमी त्या पोरीवर जळत हुता. समद्या सेटाला दिसत हुतं. आमी बाया हसायचो, म्हनायचो, फौजीला सवत आली." ती थांबली. "माझा कान गेला त्यात."

ती "जाऊ द्या" म्हणेल अशी त्याला आशा होती. ती म्हणाली नाही. चहा मात्र केला.

कानिफनाथ पुन्हा सुप्याला गेटवर उभा राहिला. पुढचा पावसाळा सरत आला असताना एका सुट्टीच्या दिवशी धनश्री एसटीने गावात आली. मुक्ताने तिला पोटाशी धरलं. कानिफनाथ बाजेवरून उठला नाही. पेढीने तिला पुन्हा कामावर घेतलं होतं, मोठं काम होतं, आणि तिला जोडीला तो हवा होता.

"मालक तयार हुईल?"

"झालेत. मी अडून बसले."

"मलाच कशापायी? तरनी पोरं हायती की."

"सगळे माझं ऐकतात, काका. आता मी पाहिलं म्हटलं की कोणी डोकावत नाही. 'धनश्रीने पाहिलं ना, मग झालं,' म्हणतात." ती ओशाळून हसली. "मला त्याचीच भीती वाटते. माझ्यावर विश्वास न ठेवणारा एक माणूस मला शेजारी हवाय."

"आन त्यो म्या?"

"माझी चूक सापडावी म्हणून तुमच्याइतकं टपलेलं दुसरं कोण आहे?"

आत चुलीपाशी मुक्ता हसली. कानिफनाथाचे कान तापले. पोरीला सगळं दिसत होतं तर, पहिल्यापासून. आणि तरी तिने किल्ली दिली होती. याचाही त्याला हेवा वाटला.

"सापडली तर म्या समद्यांम्होरं बोलीन," तो शेवटी म्हणाला. "तुला लाज वाटंल."

"वाटू दे."

तो गेला. आजही जातो. प्रत्येक पिस्तूल ती सगळ्यांना दाखवते आणि सर्वांत शेवटी कानिफनाथ पाहतो, इतका वेळ की सहायक कुरकुरतात. तिची वाहवा झाली की त्याच्या पोटात अजून दुखतं. एकदाच, कोल्हारच्या पुलाजवळच्या शूटिंगला, तिने पाणी प्यायला जाताना पेटीला कुलूप लावलं नव्हतं. त्याने भर गर्दीत आरडाओरडा करून काम थांबवलं. तिने कान पकडले, कुलूप लावलं. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

लंकाबाई पुन्हा कधी शूटिंगला गेली नाही. त्याच वर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर गावात आला तेव्हा कानिफनाथ तिचं बोचकं चढवायला गेला.

"त्या पोरीसंगंच जाता म्हनं परत?" तिने ट्रॉलीवरून विचारलं.

"व्हय."

"जळता का आजून?"

"जळतो की," तो म्हणाला.

तिने डावा कान पुढे केला. "काय म्हनला?"

"जळतो म्हनलं!" तो मोठ्याने बोलला. ट्रॉलीतल्या बाया खोखो हसल्या. लंकाबाईही हसली. ट्रॅक्टर सुरू झाला, माणसं हात हलवू लागली, आणि धुरळा बसेपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मग पाथर्डीची जीप भरत आली होती, शूटिंगला जायला तिच्यात जाऊन बसला.